वेळ कोणाच्या खात्यावर?

समजा, छत्रपती संभाजीनगरात सिडकोतल्या एखाद्या सभागृहात रविवारी दुपारी ब्रिजची जोड्यांची स्पर्धा भरली आहे. तेरा टेबलं, टेबलाला चार जण, एकूण बावन्न माणसं. कॅटात पत्ते असतात तितकीच. उत्तर-दक्षिण बसलेल्या जोड्या आपल्या जागा सोडत नाहीत. पूर्व-पश्चिम जोड्या फेरी संपली की एक टेबल पुढे सरकतात आणि पत्त्यांचे बोर्ड एक टेबल मागे जातात. बोर्ड म्हणजे चार खणांची चपटी पेटी. एकदा वाटलेले तेरा-तेरा पत्ते खेळून झाले की पुन्हा त्याच खणात ठेवायचे आणि तोच डाव दुसऱ्या टेबलाकडे धाडायचा, म्हणजे ‘त्याला पत्तेच चांगले आले’ असं म्हणायची सोय उरत नाही. फेरीत दोन बोर्ड, फेरीला १५ मिनिटं, तेरा फेऱ्यांना सव्वातीन तास. आता तिसऱ्या फेरीत पाच नंबरच्या टेबलाला चार मिनिटं उशीर होतो. तिथली पूर्व-पश्चिम जोडी सहाव्या टेबलावर उशिरा पोचते, तिथले बोर्ड चौथ्या टेबलावर उशिरा पोचतात आणि पाचवं टेबल तर स्वतःच उशिरा सुरू होतं. चौथ्या फेरीत तीन टेबलं मागे पडतात, पाचवीत पाच, सहावीत सात. मधे कोणीच वेळ भरून काढला नाही तर नवव्या फेरीत तेराच्या तेरा टेबलं चार मिनिटं मागे असतात. बावन्न माणसांची चार-चार मिनिटं म्हणजे २०८ मिनिटं, जवळजवळ साडेतीन तास. प्रत्यक्षात काही टेबलं भराभर खेळून थोडा उशीर गिळून टाकतात, पण तो गिळतात ते वेगळेच लोक. ज्याने पाचव्या टेबलावर चौकटची राणी टाकू की नहला, यात चार मिनिटं घालवली त्याला त्याची झळ सगळ्यांइतकीच लागते, आणि डाव जिंकला असेल तर तीही लागत नाही.

संथ खेळाचा विषय निघाला की आपण लगेच माणसाच्या स्वभावावर घसरतो. अमका मुळातच चेंगट, तमक्याला धीरच नाही. आयोजकही मग सूचनाफलकावर ‘कृपया वेगाने खेळा’ असं लिहून मोकळे होतात, आणि ते वाचून आधीच भराभर खेळणारा आणखी घाई करतो. या प्रकरणात मांडायचं आहे ते असं की संथ खेळाचा प्रश्न बराचसा जमाखर्चाचा आहे. ज्याने वेळ खर्च केला त्याच्याच नावावर तो लिहिला गेला तर माणसं आपापला वेळ बऱ्यापैकी शहाणपणाने वापरतात. तो सगळ्यांच्या नावावर लिहिला गेला तर संथपणा फुकट मिळतो, आणि काही वेळा तर त्यावर नफाही होतो. बुद्धिबळात हे खातं वेगळं करणं सोपं होतं. पत्त्यांत ते अवघड का, आणि अवघड असूनही कसं जमवता येतं, हे पाहण्यासारखं आहे.

घरच्या पत्त्यांना ही अडचण कधी आली नाही. मेंढीकोट, लाडीस, पाच-तीन-दोन, बदाम सात यांत कोणी पत्ता हातात धरून बसला तर भिडूच त्याला हाकलतो, आणि नाहीच हलला तर कोणीतरी चहा टाकायला उठतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात गोल आकाराचे १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे बारा-बारा. त्या खेळात वेळेची दखल घेतली जाते ती एवढीच की दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे राम त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर ज्याच्याकडे कृष्ण त्याने. दिवस की रात्र, याहून बारीक मोजमापाची गरजच नव्हती, कारण शेजारच्या टेबलावर कोणी ताटकळत नव्हतं. स्पर्धा आली की वेळ सामाईक मालमत्ता होते आणि तिथून पुढचं सगळं सुरू होतं.

पहिला आक्षेप इथेच येतो आणि तो वजनदार आहे. पत्त्यांचा खेळ बुद्धीचा मानायचा तर विचाराला वेळ द्यायलाच हवा. सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात (ए.आय.आर. १९६८) रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, त्यामागचं एक कारण असं की कोणते पत्ते पडले हे ध्यानात ठेवावं लागतं आणि कोणता पत्ता राखायचा, कोणता टाकायचा हे ठरवावं लागतं. मग आठवायला आणि ठरवायला लागणारा वेळ हा कौशल्याचाच भाग झाला. त्यावर कात्री चालवली तर कौशल्यच कमी होणार. हे खरं आहे, पण अर्धं. ब्रिजमध्ये साधारण साडेसात मिनिटांत एक बोर्ड संपावा असा अंदाज धरतात. ही ४५० सेकंदं झाली. बोली आणि गुण लिहिणं यांत दीड मिनिट गेलं तर उरलेल्या ३६० सेकंदांत ५२ पत्ते पडायचे असतात, म्हणजे पत्त्याला जेमतेम सात सेकंदं. आकडा वाचून छाती दडपते, पण तो सरासरीचा आकडा आहे आणि सरासरी इथे फसवी. बहुतेक पत्ते आपोआप पडतात: उतारी बदामची आहे, हातात बदाम एकच आहे, विचार कसला करायचा? खरा विचार लागतो तो पहिली उतारी होऊन डमीचे, म्हणजे खेळणाऱ्याच्या भिडूचे, पत्ते उघडे झाल्यावर. तेव्हा खेळणाऱ्याने पूर्ण मिनिटभर थांबून किती हात हमखास आहेत, कुठला रंग आधी फोडायचा, हुकूम कधी काढायचे हे ठरवलं तर पुढचे दहा हात तो भराभर खेळतो. चेंगट खेळाडू बहुतेकदा इथे थांबत नाही. तो पहिला पत्ता झटकन टाकतो आणि सातव्या हाताला अडकून बसतो, कारण योजना तेव्हा सुचायला लागते. वेळेची मर्यादा विचाराला मारते असं म्हणण्यापेक्षा ती विचाराची जागा बदलायला लावते असं म्हणणं अधिक बरोबर ठरेल.

याच कारणाने प्रत्येक पत्त्याला ठरावीक सेकंदं, ही ऑनलाइन रमीत रुळलेली पद्धत स्पर्धेला चांगली नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा आला आणि पैशांवरच्या या खेळांवर बंदी आली, तो विषय वेगळा. पण त्या खेळांनी लाखो लोकांना एक सवय लावली की घड्याळ म्हणजे दर चालीला नव्याने सुरू होणारी उलटी मोजणी. अशा मोजणीत सोप्या पत्त्यावर वाचवलेला वेळ अवघड पत्त्याला वापरता येत नाही. सगळ्या चाली सारख्या धरल्या की खेळ पाठांतराच्या दिशेने सरकतो. वेळ एकरकमी द्यावा आणि कुठे खर्चायचा ते खेळणाऱ्यावर सोडावं, हे बुद्धिबळाने फार आधी ओळखलं.

लंडनला १८५१ मध्ये बुद्धिबळाची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा वेळेची मर्यादाच नव्हती. एलायजा विल्यम्स नावाचा खेळाडू चालीला इतका वेळ लावी की आयोजक आणि प्रतिस्पर्धी हॉवर्ड स्टाँटन याने त्याच्यावर जाहीर आगपाखड केली. पुढे वाळूची घड्याळं आली, आणि १८८३ च्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्यांचं जोडघड्याळ वापरात आलं: एकाचं चालू झालं की दुसऱ्याचं बंद. त्या एका यंत्राने संथपणाची सगळी नैतिक चर्चा संपवली. विचार कर, हवा तितका कर, पण तुझ्या वेळात कर. शंभर वर्षांनी बॉबी फिशरने त्यात प्रत्येक चालीला काही सेकंदांची भर टाकणाऱ्या घड्याळाचं पेटंट घेतलं, म्हणजे जिंकलेला डाव केवळ हात पोचला नाही म्हणून जाऊ नये. वेळ किती द्यायचा यावर खेळाचं स्वरूप बदलतं, हेही खरंच. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला तेव्हा कोनेरू हंपीशी अंतिम फेरीचे दोन लांब पल्ल्याचे डाव बरोबरीत सुटले होते आणि निकाल लागला तो १५ मिनिटांच्या जलद डावांत. तरुण मुलगी म्हणून जलद डाव तिच्या पथ्यावर पडला असं म्हणायचा मोह होतो. पण हंपी २०२४ च्या अखेरीस जलद प्रकारातलीच जगज्जेती झाली होती. घड्याळ तरुणांचं असतं हे गृहीत तितकंसं भरवशाचं नाही.

मग ब्रिजच्या टेबलावर तसंच घड्याळ का ठेवू नये? जोडीगणिक हिशेब तर जुळतो. खेळणारा स्वतःचे १३ आणि डमीचे १३ असे २६ पत्ते ठरवतो, बचाव करणारे दोघे मिळून २६. पण जोडी म्हणजे दोन डोकी आणि एक खातं. एका भिडूने बहुतेक वेळ खाल्ला की दुसऱ्याला थोडाच उरतो, आणि त्याला काही बोलताही येत नाही. शिवाय बोलीच्या फेऱ्या आणि ५२ पत्ते मिळून प्रत्येक डावात साठ-सत्तर वेळा बटण दाबायचं, तेही एका हातात पत्त्यांचा पंखा धरून. या अडचणी व्यवहाराच्या आहेत, त्यांवर उपाय निघतीलही. खरी अडचण निराळी आहे. बुद्धिबळात सगळा पट दोघांसमोर उघडा असतो. समोरचा वीस मिनिटं विचार करत बसला तर त्याला अडचण वाटते आहे एवढंच कळतं. पत्त्यांत माहिती झाकलेली असते, आणि थांबणं हीच एक माहिती होते. डावीकडच्याने ‘तीन बदाम’ बोली लावली, माझा भिडू वीस सेकंदं छताकडे बघत राहिला आणि मग ‘पास’ म्हणाला. आता मला पक्कं कळलं की त्याच्याकडे बोलण्यासारखं काहीतरी आहे, फक्त पुरेसं नाही. त्याने तोंडाने हे सांगितलं असतं तर सरळ लबाडी ठरली असती. टेबलावर सेकंद दाखवणारं घड्याळ ठेवलं तर त्याच्या चाचरण्याची अचूक नोंदच सगळ्यांपुढे मांडली जाईल.

याकडे पुन्हा वळायचंच आहे. त्याआधी दुसऱ्या टोकाचा अनुभव पाहू: वैयक्तिक घड्याळ नाही, फक्त सगळ्या सामन्याला मिळून एक वेळ, अशी व्यवस्था केली की काय होतं? १९९३ पासून जगभर खेळल्या जाणाऱ्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात स्पर्धेची फेरी साधारण ५० मिनिटांची असते. तीनपैकी दोन डाव जिंकायचे, वेळ संपला की आणखी पाच पाळ्या, आणि तेवढ्यातही निकाल लागला नाही तर चालू डाव बरोबरीत. व्यवस्था सुटसुटीत आहे, पण तिने एक नवीनच प्राणी जन्माला घातला. पहिला डाव जिंकलेल्या खेळाडूला दुसरा डाव लांबवण्यात थेट फायदा होतो. म्हणून त्या खेळाच्या नियमावलीत दोन वेगळे गुन्हे आहेत. नकळत संथ खेळलात तर ताकीद. घड्याळाचा फायदा उठवायला मुद्दाम संथ खेळलात तर स्पर्धेतूनच बाद. शिक्षांमध्ये एवढं अंतर, आणि दोहोंमध्ये फरक काय तर खेळाडूच्या मनातला हेतू, जो पंचाला दिसत नाही! मर्यादा संथपणा आटोक्यात आणायला घातली आणि तिनेच वेळकाढूपणाला किंमत आणली.

हे पत्त्यांपुरतं नाही, हे आपल्याला कबड्डीवरून चटकन कळावं. हुतुतूत घड्याळ चढाई करणाऱ्याच्या छातीतच होतं. दम असेल तोवर चढाई, दम तुटला की बाद. कोणाचा वेळ कोणाच्या खात्यावर, हा प्रश्नच नाही. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली, १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियम बांधले, आणि खेळ जसजसा मोठ्या मैदानांत गेला तसतसं दमाच्या जोडीला घड्याळ आलं. आज चढाईला ३० सेकंदं मिळतात. पण सामन्याची एकूण मिनिटं ठरलेली असल्यामुळे पुढे असलेला संघ मध्यरेषेच्या आसपास घुटमळून रिकाम्या हाताने परतायला लागला. सेकंदं कमी करून हे थांबलं नसतं. तीस सेकंदं घुटमळणारा वीस सेकंदंही घुटमळला असता. उपाय निघाला तो ‘करो या मरो’ चढाईचा: लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. छत्रपती संभाजीनगरच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात तलवारबाजीचे खेळाडू घडतात. त्यांच्याही खेळात हेच दिसतं. फॉइल आणि एपे प्रकारांत एक मिनिट एकही टच झाला नाही तर पंच कार्ड दाखवतो आणि शिक्षा चढत जाते. दोन्ही ठिकाणी नियम माणसाला ‘लवकर कर’ असं सांगत नाही. थांबण्यातला नफा तेवढा काढून घेतो.

मांडवीवरच्या कॅसिनोंमुळे गोव्यात पोकरच्या स्पर्धा परिचयाच्या झाल्या आहेत, आणि पोकरने या नफ्याचा काटा सगळ्यात चतुराईने काढला आहे असं मला वाटतं. समजा, शेवटच्या शंभरांना बक्षीस आहे आणि १०१ जण उरले आहेत. ज्याच्यापुढे मोजकेच चिप्स उरलेत त्याने आपला प्रत्येक डाव शक्य तितका लांबवावा, तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरचा कोणीतरी बाद होईल आणि आपण आयतेच बक्षिसात येऊ, हा साधा हिशेब आहे. आयोजक यावर डोळे वटारत नाहीत. ते या टप्प्यावर सगळ्या टेबलांना एकेक डाव बरोबरीने खेळायला लावतात: तुमचा डाव संपला तर बाकीच्यांचा संपेपर्यंत थांबा, मग सगळे मिळून पुढचा. आता डाव लांबवून काही हाती लागत नाही, कारण बाकीची टेबलंही तेवढेच डाव खेळणार. एकालाही दम न देता वेळकाढूपणा विरघळून जातो. हेतू ओळखण्याची पंचावरची जबाबदारीही हलकी होते.

क्रिकेट हाच धडा महागात शिकलं. षटकं वेळेत न टाकल्याबद्दल कर्णधारांना वर्षानुवर्षं पैशांचे दंड झाले आणि षटकं वर्षानुवर्षं उशिराच पडत राहिली. मुंबई इंडियन्सच्या हार्दिक पंड्याला २०२४ च्या आयपीएलमध्ये तीनदा हा दोष लागला; दंड झाला आणि २०२५ चा पहिला सामनाही बाहेर बसून काढावा लागला. सामना हातात असताना कर्णधार बारा लाखांच्या दंडाचा विचार करत नाही, गोलंदाज कोण आणि क्षेत्ररक्षक कुठे याचा करतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांत मात्र दोन षटकांच्या मधे ६० सेकंदांचं घड्याळ आलं, दोन ताकिदी, तिसऱ्या वेळी प्रतिस्पर्ध्याला पाच धावा. १२ जून २०२४ ला न्यूयॉर्कच्या विश्वचषक सामन्यात अमेरिकेला हा दंड पहिल्यांदा बसला. भारताला ३० चेंडूंत ३५ हवे होते, ते एकदम ३० वर आले. खेळपट्टीवर सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे, समोरच्या संघात सौरभ नेत्रावळकर. मुंबईकर दोन्हीकडे होते म्हणायचं. वेळेची किंमत वेळ गेला तिथल्या तिथे, त्याच सामन्याच्या चलनात वसूल झाली की तिचा अर्थ खेळाडूला लगेच कळतो.

हे ध्यानात घेऊन ब्रिजच्या नियमांकडे पाहिलं तर ते दिसतात त्यापेक्षा शहाणे आहेत. वेळेअभावी एखादा बोर्ड खेळताच आला नाही तर डायरेक्टर, म्हणजे स्पर्धेचा पंच, त्याचे गुण वाटतो, आणि ते दोन्ही जोड्यांना सारखे वाटत नाही. ज्या जोडीचा काहीच दोष नाही तिला किमान ६० टक्के, जिचा थोडा दोष तिला ५०, आणि जी थेट कारणीभूत तिला जास्तीत जास्त ४० टक्के. त्यावर, अवाजवी संथ खेळासाठी वेगळे गुण कापायचा अधिकारही त्याला आहे. टेबलावर घड्याळ नसतानाही गेलेला वेळ ज्याच्या त्याच्या खात्यावर टाकायची ही तरतूद आहे. मग स्पर्धांमध्ये कुरकुर का राहते? कारण बहुतेक डायरेक्टर दोषाची वाटणी टाळतात. दोन्ही जोड्यांना पन्नास-पन्नास देऊन तंटा मिटवतात, आणि तंटा मिटतो तो वेगाने खेळणाऱ्याच्या खिशातून. आक्षेप असा येतो की दोष ठरवणं व्यक्तिनिष्ठ आहे. डायरेक्टर काही प्रत्येक टेबलाशी उभा नसतो. बरोबर आहे, पण पन्नास-पन्नास हाही निवाडाच आहे आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. फेरीची पाच मिनिटं उरली असताना ज्या टेबलावर दुसरा बोर्ड सुरू झालेला नाही तिथे डायरेक्टरने जाऊन उभं राहावं आणि कोण थांबलं आहे ते कागदावर टिपावं. चार-पाच फेऱ्यांत तीच तीच जोडी पुन्हा दिसू लागते. ‘आम्ही उशिरा बसलो, कारण आधीच्या टेबलावर अडकलो होतो’ ही तक्रारही मग खरी की खोटी ते त्याच कागदावर सापडतं.

नियमांत वेळ वाचवायची एक वाटही आहे आणि ती नवख्या जोड्या वापरत नाहीत. उरलेले हात आपलेच आहेत हे दिसताच पत्ते उघडे टाकून, कसे खेळणार हे सांगून ते मागता येतात. ‘हुकूम काढतो, इस्पिक सगळे मोठे, बाकीचे हात माझे.’ हे न करता सगळे हात आपलेच हे ठाऊक असून समोरच्याला जेरीस आणायला एकेक पत्ता सावकाश टाकत राहणं, याला ब्रिजचे नियम स्पष्टपणे गैरवर्तन म्हणतात. घाबरून मागत नाही तो वेगळा; चुकून जास्त हात मागितले तर नामुष्की, ही भीती खरी असते. अशा जोडीला शिकवणीच्या वर्गात हात मागायचा सराव द्यावा, दंड देऊन उपयोग नाही.

ज्येष्ठांचा मुद्दा राहिलाच. ब्रिजच्या टेबलावर पन्नाशी-साठीपुढची मंडळी मोठ्या संख्येने असतात, आणि वेळेचा बडगा उगारला तर ती येणं सोडतील अशी आयोजकांना धास्ती असते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांमध्ये ब्रिज पहिल्यांदा आला तेव्हा पुरुष जोडीचं सुवर्णपदक प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी आणलं. बर्धन तेव्हा ६० वर्षांचे, सरकार ५६ चे. मुंबईचे जग्गी शिवदासानी असलेल्या पुरुष संघाने तिथे कांस्य आणि पुढे हांगझोऊला रौप्य मिळवलं. वेळेत बांधलेल्या फेऱ्यांतच हे सगळं झालं. वयाने वेग मंदावत असेल, पण अनुभवाने कुठे विचार करायचा नाही हे कळतं, आणि वेळ बहुतेक तिथेच वाचतो. ज्यांना मोतीबिंदूमुळे पत्ते नीट दिसत नाहीत किंवा संधिवातामुळे पंखा धरता येत नाही, त्यांना मोठ्या अक्षरांचे पत्ते आणि पत्ते उभे ठेवायची पट्टी द्यावी. तो सोयीचा प्रश्न आहे आणि सोयीनेच सुटतो.

आता ते चाचरणं. नियम खेळाडूंना शक्यतो एकसारख्या लयीत खेळायला सांगतात, आणि भिडूच्या थांबण्यावरून कळलेल्या गोष्टीचा फायदा घ्यायला मनाई करतात. घाई किंवा दिरंगाईचं सोंग करून प्रतिस्पर्ध्याला फसवणंही मना आहे. पण मनाई पाळली गेली की नाही हे सिद्ध करणं जिकिरीचं असतं, म्हणून इथेही जास्त उपयोगी पडले ते थांबण्याचा अर्थच पुसून टाकणारे उपाय. कोणी मधल्या पायऱ्या गाळून उंच बोली लावली तर अनेक संघटनांच्या नियमांनुसार तो ‘स्टॉप’चं लाल कार्ड टाकतो आणि पुढच्याने साधारण दहा सेकंदं थांबायचंच, हातात काही असो वा नसो. सगळेच थांबले की कोणाचं थांबणं बोलत नाही. १९७५ च्या बर्म्युडा बाउल या जागतिक स्पर्धेत टेबलावर तिरपा पडदा आला, भिडू एकमेकांना दिसू नयेत म्हणून. त्याच वर्षी तिथे इटलीच्या दोघांवर टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा ठपका आला, इतकी तेव्हा गरज होती. पडद्याच्या एका बाजूला दोन्ही जोड्यांतला एकेक जण बसतो. दोघांच्या बोली झाल्या की ट्रे पलीकडे सरकतो. ट्रे उशिरा आला तर पलीकडच्याला कळत नाही की थांबला तो आपला भिडू की शेजारचा प्रतिस्पर्धी. पण पडद्याने खेळ संथ होतो, आणि बोर्डाला वेळ वाढवून द्यावा लागतो. बोलका संथपणा बंद करायला साधा संथपणा विकत घ्यावा लागतो, असा हा सौदा आहे.

जिल्हा पातळीच्या स्पर्धेत पडदे परवडत नाहीत आणि लागतही नाहीत. तिथे स्वस्त आणि बराच उपयोगी नियम पहिल्या हाताचा आहे: डमी उघडी पडली की पुढचा पत्ता पडण्याआधी सगळ्यांनी अर्धा मिनिट थांबायचं. खेळणारा योजना आखतो, बचाव करणारा त्याच वेळात आपले पत्ते मोजतो, आणि त्या थांबण्यावरून कोणालाच काही वाचता येत नाही. २६ बोर्डांना याची १३ मिनिटं होतात. सव्वातीन तासांत ती जास्तीची धरायची गरज नाही, कारण सातव्या हाताला अडकून बसणाऱ्याने ती नाहीतरी घेतलीच असती.